भातगिरणीतले दोन धावांचे इंजिन

जुने यंत्र भंगारात काढायचे ठरले की त्याचा भाव किलोवर होतो. ते कोणी बनवले, किती वर्षे चालले, त्यावर किती गावांचे भात भरडले गेले याला तराजूत वजन नसते. २०२१ साली रोहा तालुक्यातील धाटावजवळच्या एका बंद भातगिरणीत आम्ही प्रथम गेलो तेव्हा तिथल्या इंजिनाचा सौदा जवळजवळ ठरला होता. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामानिमित्त आमचे जाणे-येणे असते, आणि जुन्या इंजिनांचा नाद आमच्यापैकी दोघांना आहे. गिरणीवाल्या काकांनी सौदा आठ दिवस थांबवला आणि पुढे कायमचाच थांबवला.

कौलारू पडवीत, दगडी चौथऱ्यावर बसवलेले ते एकाच सिलिंडरचे उभे इंजिन होते. दोन्ही बाजूंना दोन मोठी बिडाची फ्लायव्हीले, डोक्यावर बोंडासारखा एक पोकळ गोळा आणि सगळ्यावर तांबेऱ्याचा थर. निर्मात्याच्या नावाची पितळी पाटी कोणीतरी आधीच काढून नेली होती. पितळेला भाव चांगला मिळतो!

कुंडलिकेच्या काठी तेलाचे इंजिन कशाला, असा प्रश्न पडेल. याच नदीच्या वरच्या अंगाला भिरा येथे टाटांचे जलविद्युत केंद्र १९२७ साली सुरू झाले. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीवरून सुमारे पाचशे मीटर खाली येऊन तिथे वीज तयार करते. त्या विजेच्या तारा मात्र मुंबईकडे गेल्या. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले १९६० साली, आणि खेडोपाडी वीज पोहोचली ती त्यानंतर हळूहळू. तोवर भात भरडायचे तर एक उखळ-मुसळ, नाहीतर तेलावर चालणारे इंजिन. आपल्याकडे साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३०च्या दशकात तेलाची इंजिने बनवायला घेतली, तर पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली. त्याआधी आणि नंतरही विलायतेहून इंजिने येतच होती. आमचे इंजिन यांपैकी कुठले, हे पाटीअभावी लगेच कळेना.

ते दोन धावांचे आहे हे मात्र पाहताक्षणी कळले. त्याला झडपा उघडणारे दांडेही नव्हते आणि ते हलवणारा कॅमही नव्हता. चार धावांच्या इंजिनात दट्ट्याच्या चार धावांत, म्हणजे फ्लायव्हीलच्या दोन फेऱ्यांत, एकदा स्फोट होतो. दोन धावांच्या इंजिनात तो प्रत्येक फेरीत होतो. ल्युना किंवा जुनी चेतक स्कूटर ज्यांनी चालवली आहे त्यांना हे इंजिन परके नाही. तत्त्व तेच, आकार आणि इंधन देण्याची रीत वेगळी.

त्याची युक्ती अशी. सिलिंडरच्या भिंतीत, खालच्या टोकाजवळ, समोरासमोर दोन झरोके असतात. एक धूर बाहेर जाण्यासाठी, दुसरा ताजी हवा आत येण्यासाठी. ते उघडण्या-मिटण्याचे काम दट्ट्या स्वतःच करतो. तो वर असला की झरोके झाकलेले, खाली आला की उघडे. दट्ट्याच्या खालची पेटी, म्हणजे क्रँककेस, हवाबंद असते. दट्ट्या वर जाताना त्याच्या वरची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी खालच्या पेटीतला दाब कमी होऊन बाहेरची हवा एका पातळ पात्याच्या झडपेतून पेटीत ओढली जाते. वर इंधन पेटते, दट्ट्या खाली ढकलला जातो, आणि खाली येता येता तोच पेटीतली हवा थोडीशी दाबतो. टोकाशी येताना आधी धुराचा झरोका उघडतो, मग क्षणभराने हवेचा. पेटीतली दाबलेली हवा सिलिंडरमध्ये घुसते आणि उरलासुरला धूर बाहेर लोटते. ती हवा सरळ समोरच्या झरोक्यातून निसटू नये म्हणून दट्ट्याच्या माथ्यावर एक उंचवटा असतो. त्याला आपटून ती वर वळते. म्हणजे एकच दट्ट्या वरच्या अंगाने इंजिनाचे आणि खालच्या अंगाने पंपाचे काम करतो.

दोन धावांचे इंजिन ड्युगाल्ड क्लार्क याने ब्रिटनमध्ये १८७८ ते १८८१ या काळात उभे केले, पण त्यात हवा दाबायला वेगळा सिलिंडर होता. क्रँककेसचाच पंप करण्याची कल्पना बाथ येथील जोसेफ डे याची, १८९०च्या सुमाराची. दट्ट्या, संयोगदांडा आणि क्रँक एवढेच मुख्य हलणारे भाग. खेड्यातल्या लोहाराला समजेल इतके ते साधे होते, आणि ते टिकले याचे हेच मुख्य कारण असावे असे आम्हांस वाटते.

आता डोक्यावरचा तो गोळा. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबतात की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. हवेचे आकारमान सोळापट कमी केले आणि उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असे धरले, तर ३०० केल्विनची हवा सुमारे ९०९ केल्विनपर्यंत, म्हणजे ६३६ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. अकरावी-बारावीच्या मुलांना हे गणित घालता येईल: तापमानाचे गुणोत्तर म्हणजे आकारमानाच्या गुणोत्तराचा ०.४ वा घात. पण इतका दाब सोसायला भक्कम ओतकाम आणि अतिशय बारीक मापाचे इंधनपंप लागतात. आमच्यासारख्या जुन्या इंजिनांत हवा चारपटीच्या आसपासच दाबली जाते. त्याच गणिताने तापमान २५० अंशांच्या आतच राहते, आणि मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या वेगात दट्ट्याच्या एका धावेला मिळतो एका सेकंदाचा तेरावा हिस्सा. एवढ्यात इंधन भरवशाने पेटत नाही. म्हणून सिलिंडरच्या माथ्यावर, पाण्याने थंड न केलेला एक पोकळ गोळा ठेवतात. त्यालाच हॉट बल्ब म्हणतात. सुरुवातीला तो ब्लोलँपने बाहेरून तापवायचा. मंद लाल होत आला की त्यावर इंधनाची फवार सोडायची. एकदा इंजिन चालू झाले की आतल्या जळण्यानेच तो तापलेला राहतो आणि ब्लोलँप विझवता येतो. ही कल्पना हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट याची. त्याचे पेटंट १८९० सालचे, म्हणजे रूडॉल्फ डीझेलच्या १८९२ सालच्या पेटंटाच्या आधीचे. हॉर्न्सबी कारखान्याने बनवलेले त्याचे इंजिन चार धावांचे होते; बल्ब आणि दोन धावा यांची जोडी पुढे इतरांनी जमवली.

या जोडीचा एक फायदा स्कूटरवाल्यांनी लक्षात घेण्यासारखा आहे. स्कूटरच्या इंजिनात पेटीतून हवा व पेट्रोल यांचे मिश्रण वर येते, आणि त्यातले बरेचसे न जळताच धुराच्या झरोक्यातून निसटते. दोन धावांच्या स्कूटरी रस्त्यावरून गेल्या त्या याच दोषामुळे. आमच्या इंजिनात पेटीतून नुसती हवा येते. इंधन नंतर फवारले जाते. निसटली तर हवाच निसटते. शिवाय बल्ब तापलेला असला की रॉकेल, काळे जाड तेल, अगदी करंजेलही चालते.

आणखी एक गंमत वर्गात जरूर सांगावी. धुराचा झरोका दट्ट्या खालच्या टोकाला पोहोचण्याआधी समजा ६० अंश उघडतो. मग तो टोकानंतर बरोबर ६० अंशांनी मिटणार, कारण दट्ट्या गेला त्याच वाटेने परत येतो. म्हणजे झरोक्यांना काळाची दिशा कळत नाही! फ्लायव्हील उलटे फिरले तरी उघडणे-मिटणे तसेच. हॉट बल्बच्या इंजिनात फवारणीची वेळही फार काटेकोर लागत नाही, त्यामुळे अशी बरीच इंजिने दोन्ही दिशांना चालतात. जर्मनीतील लांझ कारखान्याच्या १९२१ सालच्या पहिल्या बुलडॉग ट्रॅक्टरला मागे जाण्याचा गिअरच नव्हता. इंजिनाचा वेग अगदी उतरवून, ते थांबायच्या बेतात असताना उलट्या दिशेने पकडायचे आणि ट्रॅक्टर मागे न्यायचा. आपल्याच रायगड जिल्ह्यात न्हावा-शेव्याला येणाऱ्या मोठ्या मालवाहू जहाजांची मुख्य इंजिनेही दोन धावांचीच असतात, आणि मागे जाण्यासाठी तीही सबंध उलटी फिरवतात. अर्थात तिथे झडप व इंधन यांच्या वेळा बदलण्याची सोय केलेली असते.

फ्लायव्हील दोन्हीकडे फिरू शकते ही गोष्ट गंमतीची तशीच जिवावरची आहे. असे इंजिन हँडल मारून सुरू करत नाहीत. बल्ब तापल्यावर फ्लायव्हील हाताने मागे झुलवायचे, हवा दाबली जाऊन स्फोट होतो आणि चाक उसळून पुढे निघते. कोणत्या बाजूला उसळेल याची खात्री पहिल्या दिवशी नसते. आम्ही दोरी बांधून मुलांना दहा हात लांब उभे केले होते, आणि जवळ जाणाऱ्याने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्याशिवाय व पदर-ओढणी खोचल्याशिवाय पुढे यायचे नाही असा नियम होता. चाकात किती जोर साठतो ते पाहा. दोन्ही कडा मिळून १५० किलो, सरासरी त्रिज्या ०.४५ मीटर, मिनिटाला ४०० फेऱ्या. कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ १९ मीटर, आणि गतिज ऊर्जा सुमारे २६,६०० ज्यूल. पन्नास किलोची भाताची गोणी ५४ मीटर उंच न्यायला एवढीच ऊर्जा लागते.

दुरुस्तीकडे वळू. दट्ट्या गंजून सिलिंडरला घट्ट धरला होता. पहिला मोह घण घालण्याचा होतो. पोलाद वाकते, पण बीड वाकत नाही, तडकते. आणि तडकलेले सिलिंडर म्हणजे पुन्हा भंगारवाल्याची वाट. रॉकेल व इंजिन ऑईल सारख्या प्रमाणात मिसळून आम्ही वरून ओतत राहिलो. पाच आठवड्यांनी, लाकडी ठोकळा मध्ये धरून जॅकने हळूहळू दाबल्यावर तो केसभर हलला. त्या दिवशी सगळ्यांना चहा काकांनी पाजला.

लहान भागांचा गंज विजेने काढला. हा प्रयोग शाळेत सहज होतो, म्हणून थोडा सविस्तर सांगतो. प्लास्टिकच्या घमेल्यात पाणी घेऊन लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. गंजलेला बोल्ट बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडून पाण्यात लटकवा, आणि धन टोकाला एखादी साधी लोखंडी सळई. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नका. बोल्टावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, गंजाचा काही भाग काळ्या ऑक्साइडात बदलतो आणि थर सुटतो. काही तासांनी ब्रशने घासून, लगेच कोरडा करून तेल लावायचे, नाहीतर कोकणातल्या हवेत तासाभरात पुन्हा लाली चढते. प्रयोग उघड्यावर करा आणि जवळ विस्तव नको, कारण हायड्रोजन पेट घेतो. सोड्याऐवजी मीठ वापरू नका, क्लोरीन निघेल. धन टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा तर मुळीच नको. त्यातले क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरते. बल्बाभोवती जुने पांढरे दोरखंडासारखे वेष्टण असेल तर ते अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव मोठा. ते मुलांच्या हाती देऊ नये आणि कोरडे खरवडू नये.

सुटे झालेले बोल्ट पाहून आम्हांला निर्मात्याचा माग लागेलसे वाटले. अर्ध्या इंची बोल्टावर इंचाला बारा आटे भरले. अमेरिकन पद्धतीत ते तेरा असतात. बारा आटे म्हणजे जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली मांडलेली ब्रिटिश पद्धत. तेव्हा इंजिन विलायती, असे आम्ही वहीत लिहूनही टाकले. दुसऱ्या दिवशी ते खोडावे लागले. मेट्रिक पद्धतीचा कायदा आपल्याकडे १९५६ सालचा. तोवर, आणि त्यानंतरही काही काळ, आपले कारखानेही व्हिटवर्थचेच आटे पाडत असत. आट्यांवरून अमेरिकन नाही एवढे सांगता येते, विलायती की देशी हे सांगता येत नाही.

याहून मोठी चूक आम्ही पहिल्याच दिवशी करून बसलो होतो, पण ती कळायला वर्ष गेले.

भातगिरणी म्हणजे धुळीचे घर. भाताच्या तुसाची राख त्याच्या वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा भरते, आणि त्या राखेत शेकडा नव्वदच्या आसपास सिलिका असते. ही सिलिका गनमेटलपेक्षा पुष्कळ कठीण. आता वरची रचना आठवा: दोन धावांच्या इंजिनात सगळी हवा क्रँककेसमधून जाते, म्हणजे मुख्य बेअरिंगांच्या अंगावरून. चार धावांच्या इंजिनात धूळ आली तर सिलिंडर आधी झिजेल. इथे बेअरिंगेही झिजायला हवीत. आणि ती झिजली की केवळ खडखडाट होतो असे नाही. याच गनमेटलच्या बुशांमुळे पेटी हवाबंद राहते. ती सैल झाली की पेटीतली हवा दांड्याच्या बाजूने निसटते, वर पुरेशी पोहोचत नाही, धूर आतच राहतो आणि इंजिन दमते.

आम्ही बुश उघडले तेव्हा ते अपेक्षेपेक्षा पुष्कळच चांगले निघाले. काही दशके गिरणीत चाललेल्या इंजिनाचे बुश इतके शाबूत कसे? धातू उंची असेल, तेल वेळच्या वेळी मिळाले असेल, अशी कारणे आम्ही जुळवली. अशात या इंजिनावर तरुणपणी काम केलेले एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी इंजिनाकडे पाहण्याआधी मागच्या भिंतीकडे पाहिले.

“साहेब, त्या भोकात पत्र्याची नळी होती. ती कुठे गेली?”

नळी भंगारात गेली होती. पडवी झाडताना कुजक्या डब्यांबरोबर तीही आम्हीच देऊन टाकली होती. इंजिनाशी तिचा काही संबंध असेल असे मनातही आले नाही. मिस्त्रींनी सांगितले ते असे: पहिले बुश दोन हंगामांतच गेले. मग मालकांनी मागची भिंत फोडून नळी बसवली आणि इंजिनाला हवा बाहेरून, परसाच्या बाजूने, दिली. नळीच्या तोंडाला कापड बांधलेले असे, आणि दर आठवड्याला ते झटकणे हे मिस्त्रींचे काम.

खिळ्यांच्या डब्यात आम्हांला गनमेटलचे दोन खराब तुकडे सापडले होते. दुसऱ्या कुठल्या यंत्राचे असतील म्हणून ते बाजूला ठेवले होते. क्रँकच्या दांड्यावर लावून पाहिले तर बरोबर बसले. आतून खोल चरे, आणि भिंगाखाली चऱ्यांत रुतलेले चमकदार कण. म्हणजे नळीच्या आधीचे आणि नळीच्या नंतरचे असे दोन्ही पुरावे त्याच पडवीत होते. काटेकोर प्रयोग याला म्हणता येणार नाही. तेल बदलले असेल, धातू वेगळा असेल. तरी दोन हंगाम आणि काही दशके यांतला फरक एवढा मोठा आहे की नळीकडे बोट दाखवल्यावाचून गत्यंतर नाही. हवा गाळण्याची ही सोय गिरणीतल्या माणसांनी झिजलेला बुश पाहून काढली होती, आणि आम्ही ती ‘साफसफाई’ करून टाकली. तोंडाला बांधलेले कापड कसले होते, किती घड्यांचे होते, हे आता मिस्त्रींच्या आठवणीवरच आहे. ते मांजरपाट म्हणतात.

परदेशांत अशा इंजिनांचे मोठे संग्रह आहेत. इंग्लंडमध्ये पॉइंटन येथे अ‍ॅन्सन इंजिन म्युझियम, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात कूलस्प्रिंग. हौशी संग्राहक यंत्र घासूनपुसून, नवा रंग देऊन आरशासारखे करतात. त्या हौसेला आमचा विरोध नाही, पण या प्रसंगानंतर आम्ही रंगाचा डबा परत केला. शाळेने एखादे जुने यंत्र ताब्यात घेतले तर हात लावण्यापूर्वी खोलीचा नकाशा काढावा, भिंतीतली भोके, जमिनीवरचे तेलाचे डाग, पट्ट्याचे घर्षण यांची मापे घ्यावी, आणि आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना आधी बोलवावे, मेकॅनिकला नंतर. निदान सहा महिने काहीही फेकू नये.

२०२३च्या डिसेंबरात इंजिन चालू झाले. ब्लोलँप बारा मिनिटे लावला, चाक तिसऱ्यांदा झुलवल्यावर उसळले, सुदैवाने योग्य दिशेला. वीस मिनिटांनी ते आपोआप मंदावून थांबले. इंधन होते, तेल होते. “नुसतं फिरवाल तर थंड पडणारच,” मिस्त्री म्हणाले. बल्ब तापलेला राहतो तो आतल्या जळण्याने, आणि काम नसले की इंधन कमी जळते. काम फार झाले तर उलट तो पांढरट लाल होतो, आणि मग हवेबरोबर पाण्याचे थेंब सोडून त्याला आवरावे लागते. कामाशिवाय हे इंजिन जगत नाही, आणि ज्या हलरला ते पट्ट्याने जोडलेले होते तो कधीच विकला गेला होता.

म्हणून आम्ही दोरीचा ब्रेक केला. फ्लायव्हीलच्या कडेवर सुताचा जाड दोर टाकून एका टोकाला वजने, दुसऱ्याला ताणकाटा. दोन्हींतला फरक २२ किलो, त्रिज्या अर्धा मीटर, फेऱ्या ४००. जवळच्या शाळेतल्या अकरावीच्या मुलांनी तिथेच हिशेब केला: सुमारे ४,५०० वॅट, म्हणजे सहा अश्वशक्ती. दोर करपू लागल्याने प्रत्येक मापन दोन मिनिटांत आटपावे लागले. एका मुलीने विचारले की एका स्फोटाला किती ज्यूल पडतात. सेकंदाला ६.६७ स्फोट, तेव्हा ६७५ ज्यूल. चाकातल्या साठ्याच्या शेकडा अडीच. म्हणून दोन स्फोटांमधल्या काळात चाकाचा वेग फार तर शेकडा सव्वाने हलतो. हेच इंजिन चार धावांचे असते तर दुप्पट हलला असता, किंवा चाक दुप्पट जड करावे लागले असते.

भिंतीतल्या भोकाच्या कडेला जुन्या पत्र्याचा तांबडा ठसा राहिला होता. त्याच्या मापाने गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची तीन इंची नळी आम्ही करून घेतली आहे आणि तोंडाला मांजरपाटाची दुहेरी घडी बांधली आहे. पेटीला साबणाचे पाणी लावून पाहिले तेव्हा डाव्या बुशाशी बुडबुडे आले. तेवढी हवा अजून निसटते आहे. तो बुश नवा ओतून घेतल्यावर दोरीचे मापन आम्ही पुन्हा करणार आहोत.